पोशीबायची वाव

“साडेधा,” हसुराम तांडेल म्हणाला आणि दोर तसाच हातात धरून पाण्याकडे बघत राहिला.

“परत मोज,” मी म्हणालो.

त्याने दोर वर ओढला. टोकाचं शिसं होडीच्या काठावर आपटलं. त्याने ते पुन्हा पाण्यात सोडलं आणि हातातून सरकणारी एकेक गाठ मोठ्याने मोजली. दहावी गाठ पाण्याखाली गेली. अकरावी वरच राहिली, आणि दोर सैल पडला तेव्हा पाणी दोन्हींच्या बरोबर मध्ये होतं.

“साडेधा, सायेब. खोटा सांगू काय?”

वीसेक हातांवर ट्रॉलर उभा होता. नाव ‘जलतरंग’. त्याच्या जाळ्यात हसुरामच्या डोल-जाळ्याचा निम्मा भाग अडकून लोंबत होता. फाटलेला, पण ओळखू येणारा. ट्रॉलरचा खलाशी कठड्यावर रेलून आमचं मोजणं ऐकत होता.

“साहेब, दहाच्या बाहेर आहोत ना?” तो ओरडला. “मग या वर, चहा घ्या. साखर घालू का दोन चमचे?”

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मी तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्यात परवाना अधिकारी होतो, वय सत्तावीस. नवा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. त्यातला आमच्या किनाऱ्याचा आदेश एका ओळीत सांगता येण्यासारखा होता: दहा वाव खोलीपर्यंतचं पाणी संरक्षित, तिथे ट्रॉलरने जाळं ओढायचं नाही. वाव हे समुद्राच्या खोलीचं माप, दोरावर एका गाठीला एक. त्या पट्ट्यात नांदेरीच्या कोळ्यांच्या डोली होत्या. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे येईल ते घ्यायचं, ही त्यांची मासेमारी. खुंटाची जागा बापाकडून मुलाकडे येते. ट्रॉलर त्यावरून गेला की जाळं जातं, खुंट जातो, आणि तिसऱ्यांदा गेला की माणूस गाव सोडून बंदरावर हमाली करायला जातो. त्या मोसमात नांदेरीतली सात घरं अशी गेली होती. हसुरामची डोल ही दुसऱ्यांदा फाटलेली.

खात्याच्या लाँचचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं, म्हणून मी हसुरामच्या होडीतून गेलो होतो. खोली मोजायचं यंत्र त्या लाँचवरच. म्हणून दोरही हसुरामचाच.

मी ट्रॉलर ताब्यात घेतला आणि पंचनामा लिहिला. वेळ, पूर्ण भरती, जाळ्यात सापडलेली डोल, दोन पंच. खोलीच्या रकान्यात लिहिलं: साडेदहा वाव. दोर जिथे पाण्याला टेकला होता तिथे लाल फीत घट्ट बांधली, तिच्या गाठीवर लाखेची मोहोर उठवली आणि दोर गुंडाळून पिशवीत घातला.

“माजा दोर?” हसुराम म्हणाला.

“पुरावा आहे. केस संपली की मिळेल.”

“आये मना घरात घेनार नाय.”

जिल्ह्याच्या कार्यालयात साहेबांनी पंचनामा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“साडेदहा का लिहिलंस?”

“साडेदहाच होती, सर.”

“अरे, जाळ्यात डोल सापडली. डोल नऊ वावांवर लागते. म्हणजे तो आत शिरला होताच. साडेनऊ लिहिलं असतंस तर कुणाची छाती होती विचारायची?”

“डोल आत फाडली असेल, पण मी पोचलो तेव्हा तो साडेदहावर होता.”

“जिल्ह्यातली पहिली केस आहे ही,” ते म्हणाले. “ही हरलास तर पुढच्या महिन्यात तिथे वीस ट्रॉलर उभे राहतील. आणि त्यांच्या हातात तुझाच पंचनामा असेल. मागे घ्यायची तर आज घे.”

मी मागे घेतली नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. ती फाटलेली डोल मी पाहिली होती, एवढंच.

सुनावणी तीन महिन्यांनी तहसीलदारांपुढे लागली. वाघधरे नावाचे तहसीलदार होते. कमी बोलणारे, आणि समोरचा बोलत असताना स्वतःच्या हाताने टिपणं काढणारे. ट्रॉलरच्या मालकाने जिल्ह्याहून सबनीस वकिलांना आणलं होतं. नांदेरीहून तीसेक माणसं आली होती. ती दारात, खिडकीत, व्हरांड्यात उभी होती. अगदी पुढे, दाराच्या चौकटीला टेकून, हसुरामची आई उभी होती. पोशीबाय. साठीची, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मुलाच्या खांद्यालाही तिचं डोकं लागत नव्हतं.

सबनीसांनी सुरुवातीलाच माझा पंचनामा वाचून दाखवला. मग ते हसुरामकडे वळले.

“तांडेल, हा दोर तुमचा?”

“हां.”

“मोहोर तुमच्यासमोर लावली? जशीच्या तशी आहे?”

“हाय.”

“या गाठी कुणी मारल्या?”

“आयेनी.”

“तुम्ही का नाही मारल्या?”

हसुरामला प्रश्नच कळला नाही. “पुरुष कसा मारील?” तो म्हणाला.

नांदेरीत जाळी बायकाच विणतात, ओटीवर बसून. खोलीच्या दोरालाही घरातली थोरली बाईच गाठी मारते. पुरुषाने मारल्या तर दर्या खोली लपवतो, असं ते मानतात. सबनीसांना यात रस नव्हता.

“बरं. गाठ सरकली, सुटली, असं कधी झालंय?”

“माज्या आयेची गाठ? वकीलसायेब, होडी सुटंल, गाठ नाय सुटनार.”

व्हरांड्यात हशा पिकला. सबनीसही हसले.

“म्हणजे दोर बिनचूक.”

“बिनचूक.”

“मोजलं तुम्हीच. एकदा की दोनदा?”

“दोनदा.”

“दोन्ही वेळा किती?”

हसुरामने आईकडे पाहिलं. ती दारातून म्हणाली, “सांग ना. जा हाय ता सांग.”

“साडेधा,” हसुराम म्हणाला.

“साहेब, याची नोंद व्हावी,” सबनीस म्हणाले. “सरकारचा पंचनामा, सरकारचाच साक्षीदार, आणि त्याचा बिनचूक दोर. खोली साडेदहा. संरक्षित पाणी दहाला संपतं. फाटकं जाळं प्रवाहाबरोबर कुठेही वाहत जाऊ शकतं. माझ्या अशिलाचा गुन्हा काय?”

वाघधऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. मला विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

मी नकारार्थी मान हलवली. एक वाजला होता. “अडीच वाजता,” ते म्हणाले आणि उठले.

कचेरीसमोर दाऊदभाईंचं दुकान होतं. दोर, शिसं, जाळ्याचं सूत, बुचं. माझी भूक मेली होती, म्हणून मी त्यांच्या फळीवर जाऊन बसलो. पाचच मिनिटांत पोशीबाय आली. माझ्याकडे तिने पाहिलं, पण बोलली दाऊदभाईंशी.

“दोर दाखव. सुताचा, मागच्यासारका.”

“मागचा काय झाला, आये?”

“त्या सरकारच्या कपाटान बसलाय तीन महिने. पोरगा शेजाऱ्याचा दोर मागत फिरतंय. मना लाज वाटते.”

“किती देऊ?”

“धाच्यावर थोडा.”

दाऊदभाईंनी फळीवरच्या पितळी खुणांवर दोर भराभर मोजला आणि कापला. “वीस मीटर. अकरा वाव धर.”

तिने दोराचं टोक उजव्या मुठीत धरलं, दोन्ही हात आडवे ताणले, डाव्या चिमटीत खूण पकडली आणि पुढचा दोर घेतला. एक. पुन्हा हात ताणले. दोन. ती मोजत गेली आणि तिच्या पायाशी दोराचं वेटोळं वाढत गेलं. अकरा झाले. बारा झाले. शेवटी तिने हातातलं टोक पाहिलं आणि दाऊदभाईंकडे संशयाने बघितलं.

“तेरा भरत आली. दोन वाव जास्ती दिलीस. पैसे वीस मीटरचेच देनार हां मी.”

“घे, आये, घे,” दाऊदभाई हसत सुटले. “दोर तेवढाच आहे. तुझे हात म्हणजे कोंबडीचे पंख! वाव सहा फुटांची असते. तुझी पाचाची तरी भरते का?”

“माजे हात काढतंस? याच हातांनी तुज्या दुकानातला सूत विनून संपवला, म्हनून तुजा दुकान चालतंय.”

“खरं आहे बाई, खरं आहे.”

मी फळीवरून उठलो होतो.

माझ्या पिशवीत आदेशाची छापील प्रत होती. दोन वर्षांत ती मी शंभरदा वाचली होती. दरवेळी नजर दहा या आकड्यावर जायची आणि तिथेच थांबायची. आता मी पान उलटलं. मागच्या बाजूला, बारीक टायपात, व्याख्या होत्या. किनारा म्हणजे काय. ट्रॉलर म्हणजे काय. तिसरी ओळ: या आदेशापुरती ‘वाव’ म्हणजे सहा फूट.

“पोशीबाय,” मी म्हणालो, “हात पसरा बघू.”

“काय?”

“एकदा पसरा. दाऊदभाई, तुमची टेप द्या.”

तिने माझ्याकडे, मग दाऊदभाईंकडे पाहिलं आणि हात पसरले. टेप एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत नेली. पाच फूट एक इंच.

“काय निगाला?” तिने विचारलं.

“अडीच वाजता सांगतो,” मी म्हणालो. माझ्याच हातांचा मला भरवसा नव्हता. मी टेप दुसऱ्यांदा लावली. पाच फूट एक इंच.

अडीच वाजता मी उभा राहिलो आणि तहसीलदारांना एकच विनंती केली: शिशाच्या तळापासून लाल फितीपर्यंत दोर टेपने मोजावा.

सबनीस ताडकन उठले. “आता कशाला? मोजणी पंचनाम्यात आहे. सकाळी साक्षीत आली आहे.”

“पंचनाम्यात गाठींची संख्या आहे,” मी म्हणालो. “फूट कुठेच नाहीत. आणि आदेशात वाव म्हणजे सहा फूट.” प्रत मी त्यांच्यापुढे ठेवली, व्याख्यांचं पान वर करून.

वाघधऱ्यांनी ते वाचलं. मग आपल्या टिपणांची सकाळची पानं काढली आणि त्यांवर बोट फिरवत गेले.

“सबनीस, दोर बिनचूक, असं सकाळी तुम्हीच वदवून घेतलंत. मोहोर जशीच्या तशी, हेही. मग मोजायला हरकत काय?”

शेजारच्या मोजणी कार्यालयातून पोलादी टेप आली, आणि ती धरायला तिथला भूकरमापकही आला. दोर जमिनीवर सरळ पसरला तर तो दालनात मावेना. दारातली माणसं मागे सरली आणि दोर व्हरांड्यात गेला. एका टोकाला सबनीस स्वतः वाकून उभे राहिले, दुसऱ्याला मी. मध्ये कारकून.

“त्रेपन्न फूट चार इंच,” भूकरमापकाने वाचलं.

दहा वाव म्हणजे साठ फूट. हे गणित व्हरांड्यात एकदम कुणाला जमलं नाही. मग मागून एक आवाज आला, “म्हंजे आतच व्हता!” आणि गलका उठला. शिपायाने काठी आपटली.

सबनीस अनुभवी होते. ते अर्ध्या मिनिटात सावरले.

“साहेब, हा सुताचा दोर आहे. तीन महिने कपाटात वाळलाय. वाळून आखडलाय. समुद्रात, ओला असताना, तो साठ फुटांच्यावर असणार. सुका दोर मोजून ओली खोली कशी ठरवता येईल?”

वाघधऱ्यांची लेखणी थांबली. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. शाळेपासून आतापर्यंत मला कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि मी समुद्राच्या खात्यात नोकरी करत होतो.

दारातून पोशीबाय हसली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता.

“वकीलसायेब, तुमच्या घरान कपडे कोन वालत घालतं?”

“बाई, मध्ये बोलू नका,” शिपाई म्हणाला.

“बोलू द्या,” वाघधरे म्हणाले. “तुम्ही कोण?”

“गाठी मारनारी. सायेब, सुताचा दोर ओला झाला का आखडतो. सुकला का ढिला पडतो. पावसान वालनीची दोरी बगा, कशी ताठते. यांनी उलटाच सांगितला. दर्यान तो याच्याहून तोकडाच व्हता.”

“हे ही बाई म्हणते,” सबनीस म्हणाले. “याला आधार काय?”

“आधार?” पोशीबाय म्हणाली. “बादली आना.”

वाघधऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि शिपायाला बादली आणायला सांगितलं. कचेरीत लादी पुसायची बादली होती, ती आली. मोहोर पाण्याबाहेर काठावर ठेवून दोर बुडवला. किती वेळ, यावर वाद झाला. शेवटी अर्धा तास ठरला. तेवढ्या वेळात वाघधऱ्यांनी दुसऱ्या एका वारस नोंदीचं प्रकरण ऐकलं. त्या प्रकरणातले दोन भाऊसुद्धा आपापसातलं भांडण विसरून बादलीकडे बघत होते. हसुराम भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. माझ्या मनात एकच विचार होता: ही बाई चुकली तर सात घरांची पंधरा होतील.

अर्ध्या तासाने दोर काढला. ओघळ जिरेपर्यंत थांबले. भूकरमापकाने टेप लावली, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं.

“मोठ्याने,” वाघधरे म्हणाले.

“बावन्न फूट दोन इंच.”

या वेळी शिपायानेही काठी आपटली नाही.

गलका ओसरल्यावर वाघधऱ्यांनी निकाल उभ्यानेच सांगितला आणि मग खाली बसून लिहिला. ट्रॉलर संरक्षित पाण्यात होता; पूर्ण भरतीलाही तिथली खोली साठ फुटांच्या आत होती. मालकाला दंड, मोसम संपेपर्यंत परवाना बंद. पोलादी टेपने केलेल्या दोन्ही मोजण्यांचे आकडे त्यांनी निकालात लिहिले. पुढे मालकाने अपील केलं तेव्हा ते त्या दोन आकड्यांपाशीच अडलं.

सबनीस जाताना पोशीबायपाशी थांबले. “आजी,” ते म्हणाले, “सकाळी मी तो गाठींचा प्रश्न विचारायला नको होता.”

“इचारलास ता बरा केलास, बाला,” ती म्हणाली. “आमाला कोन इचारतंय?”

मग तिने दोर मागितला. तो आता निकालाचा भाग झाला होता, कपाटातच राहणार होता. हे सांगायची वेळ माझ्यावर आली. ती बराच वेळ तोंडाने माझा उद्धार करत राहिली. शेवटी कचेरीच्या पायरीवर बसली, नवा दोर मांडीवर घेतला आणि गाठी मारायला लागली. हात ताणायचे, चिमटी धरायची, गाठ. गावातली माणसं भोवती उभी राहिली.

“सायेब,” हसुराम म्हणाला, “एक सांगा. आमी आयेच्या धा गाठी धरून बसलो व्हतो. ट्रॉलर धाव्या गाठीच्या बाहेर असला तर आमी त्याला काय बोलत नसू. कायद्यान हाय म्हनून.”

“हो.”

“मंग कायद्याच्या धा म्हंजे आयेच्या किती?”

मी भूकरमापकाला थांबवून ठेवलं होतं. त्याने पायरीवरून खाली अंगणात टेप पसरली आणि साठ फुटांवर चपलेने रेघ मारली. पोशीबायचा दोर तिच्या शेजारी ताणला. रेघ बाराव्या गाठीच्या फूटभर अलीकडे आली.

दहावी गाठ कुठे होती आणि रेघ कुठे, हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या किनाऱ्याला तळ अगदी हळू उतरतो. नऊ फूट खोली वाढायला होडीला मैलभर बाहेर जावं लागतं. नांदेरीपुढचा तेवढा समुद्र दोन वर्षं कायद्याने त्यांचा होता आणि तो त्यांनी, कुणी न मागता, सोडून दिला होता. मीही.

“दोन वरसां,” पोशीबाय म्हणाली. “माज्या हातांपायी.”

“तुज्या हातांपायीच मिलाला पन, आये,” हसुराम म्हणाला.

तिने लुगड्याच्या जुन्या काठाची चिंधी कमरेच्या पिशवीतून काढली, रेघेवर दोराला बांधली आणि दातांनी गाठ ओढून आवळली. गाठी मात्र तिने बदलल्या नाहीत. सहा फुटांवर मारा, असं मी सुचवलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात खात्याची लाँच दुरुस्त होऊन आली. यंत्रही चालत होतं. सकाळी सातला मी नांदेरीसमोर पोचलो तेव्हा हसुरामची होडी आधीच बाहेर उभी होती, पूर्वी कधी उभी राहत नसे इतकी बाहेर. तिच्या दोन्ही बाजूंना गावच्या होड्या, किनाऱ्याला समांतर, एका रांगेत. पलीकडून दोन ट्रॉलर येत होते.

हसुराम उभा राहिला. त्याने दोर पाण्यात सोडला, ताणला आणि पाण्याच्या जरा वर राहिलेली चिंधी हात करून त्यांना दाखवली. ट्रॉलरवर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पुढच्याने सुकाणू वळवलं. मागचा त्याच्या मागून गेला.

मी लाँच त्याच्या होडीला लावली. माझ्या यंत्रावर आकडा दिसत होता, पण मी तो पाहिला नाही.

“किती?” मी विचारलं.

“आयेच्या बारा!” तो ओरडला, आणि ते सगळ्या होड्यांना ऐकू गेलं.